नऊ वाजताची बुरशी

घड्याळकाकांना आधी सगळे मागून घड्याळकाका म्हणायचे, मग हळूहळू तोंडावरच म्हणू लागले, आणि काकांना राग येण्याऐवजी पदवी मिळाल्यासारखं वाटलं. सकाळी नऊला दोन मिनिटं कमी असताना ते प्रयोगशाळेच्या दारात हजर. नऊच्या ठोक्याला कोपऱ्यातल्या फ्रीजचं कुलूप उघडायचं. एकला सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद आणि जेवणाचा डबा उघडा. घरीही तीच तऱ्हा. आठ वाजले की ते जेवणाच्या टेबलाशी उभे राहून दोनदा टाळी वाजवायचे, आणि बायको, मुलगा, सून, नात असे चौघं चार बाजूंनी येऊन आपापल्या खुर्चीवर बसायचे. असा माणूस घरात असला की बाकीच्यांचं काय होतं, ते तुम्हाला-मला लगेच कळतं. काकांना मात्र सत्तावन्न वर्षांत कळलं नव्हतं, कारण ते कळून घ्यायला त्यांच्या वेळापत्रकात जागाच ठेवलेली नव्हती.

त्यांचं काम बुरशी सांभाळायचं. नाक मुरडू नका, ही पावावर चढणारी बुरशी नव्हे. ही मानाची बुरशी, काचेच्या बशीत वाढणारी, झाकण लावून ठेवलेली. तुमच्या-माझ्या अंगातल्या बहुतेक पेशींत एकेक केंद्रक असतं, म्हणजे पेशीचा कारभार बघणारा बारकासा गोळा. या बुरशीचा तंतू म्हणजे एक लांब, फाटे फुटलेली नळी, आणि त्या एका नळीत शे-दीडशे केंद्रकं. मध्ये भिंत नाही, पडदा नाही. सगळी एकाच रसात डुंबतात, एकच अन्न खातात, एकमेकांना धक्के मारत पुढेमागे सरकतात. बुरशी वाढायला लागली की एकेका केंद्रकाचे दोन होतात. त्यांना चमकवायची सोय केली की काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके दिसतात, आणि ठिपका लांबट होऊन मधोमध तुटला की समजायचं, याचे दोन झाले.

प्रयोगशाळा बाईंची. बाई साठीच्या जवळ आलेल्या, उंचीला कमी, पण आवाज असा की खालच्या मजल्यावरचा झाडूवाला वर बघायचा. बावीस वर्षांपूर्वी बाईंनी या बुरशीचा एक नियम शोधून काढला होता. एका रसात राहणाऱ्या सगळ्या केंद्रकांचा ठोका एकच असतो, ती सगळी एकाच वेळी दुभंगतात, असा तो नियम. पुराव्यादाखल एक फोटो होता. त्यात नळीतलं झाडून सगळं हिरवं एकदम मधोमध तुटताना दिसायचं. तो फोटो चौकटीत घालून बाईंच्या खोलीत लावलेला होता, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, छायाचित्र अमुक अमुक यांचं. ते अमुक अमुक म्हणजे आपले काका. रोज बाईंच्या खोलीत गेले की ते त्या बारीक अक्षरांकडे एकदा बघून घ्यायचे. चष्मा नसला तरी ती त्यांना वाचता यायची.

मधल्या काळात दुसऱ्या दोन प्रयोगशाळांतून पत्रं आली होती की, आम्ही हीच बुरशी वाढवली, पण आम्हाला काही सगळी केंद्रकं एकदम दुभंगताना दिसत नाहीत. बाईंनी दोघांनाही खरमरीत उत्तर पाठवलं. त्यात एक वाक्य होतं: "आमच्याकडे शिस्तीत काम करणारा माणूस आहे, तसा तुमच्याकडे असल्यास कळवावे." काकांनी त्या उत्तराची एक प्रत घरच्या कपाटात, नातीच्या जन्मदाखल्याच्या खाली ठेवली होती.

अशा या घडी बसलेल्या संसारात तीन महिन्यांपूर्वी एक मुलगी आली. हुशार होती, संशोधनासाठी तिला बाईंनी स्वतः निवडलं होतं. पण ती यायची साडेदहाला. केस ओले, खांद्यावर पिशवी, तोंडात अर्धवट चावलेला टोस्ट. काकांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव साडेदहा ठेवलं. "साडेदहा उगवल्या का?" असं ते चहावाल्याला विचारायचे आणि आपल्याच विनोदावर मान डोलावायचे. मुलगी संध्याकाळी साडेसात-आठपर्यंत थांबायची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. साडेपाचला ते स्वतः निघून गेलेले असायचे ना.

तर एका सोमवारी या मुलीनं बाईंच्या पुढे आपलं काम ठेवलं. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी ठेवून दर मिनिटाला एक चित्र काढायचं, मग पडद्यावर पारदर्शक कागद लावून प्रत्येक केंद्रकावर पेन्सिलीनं ठिपका द्यायचा, आणि कोण केव्हा दुभंगलं ते लिहायचं. काम डोळे फोडणारं. मुलीनं नऊ नळ्या मोजल्या होत्या. आणि नऊच्या नऊ नळ्यांत केंद्रकांनी मनाला येईल तसा कारभार केला होता. एक अकराला दुभंगलंय, शेजारचं दीडला, तिसरं बसलंय ते बसलंयच.

"हे काय आहे?" बाई म्हणाल्या.

"मला असंच दिसलं, बाई."

"दिसलं? बावीस वर्षं आम्ही काय डोळे मिटून बसलो होतो?" झाडूवाल्यानं वर बघितलं असणार. "हा धांदरटपणा आहे. ठिपके चुकलेत तुझे. एकाचा ठिपका दुसऱ्यावर दिलायस."

मुलगी ठिपक्यांचे कागद एकावर एक रचायला लागली. पारदर्शक कागद हलला की त्याचा आवाज होतो. तो सगळ्यांना ऐकू गेला.

बाईंनी काकांना बोलावलं आणि मुलगी कसं काम करते ते विचारलं. काकांनी खिशातून वही काढली. त्यात कोण किती वाजता येतं ते रोज लिहिलेलं असायचं. कुणी सांगितलं नव्हतं, आपलं हौसेनं. तीन महिन्यांचा पाढा त्यांनी वाचून दाखवला: दहा अठ्ठावीस, दहा पस्तीस, दहा एकतीस, एकदा तर अकरा. बाईंचा चेहरा वाचनागणिक कठोर होत गेला.

"शुक्रवारी निकाल लावू," बाई म्हणाल्या. "काका, तोवर हिच्या नऊही नळ्या तुम्ही पुन्हा मोजा. आणि शुक्रवारी आपल्या पद्धतीनं एक ताजी बशी काढून तिच्यासमोर दाखवा. तुमचं मोजणं आणि हिचं मोजणं वेगळं निघालं, तर हिनं दुसरी प्रयोगशाळा बघावी. मी सही करून देईन."

मुलगी बाहेर पडली. काका खूश. म्हणजे अगदी उड्या मारण्याइतके नव्हेत, पण चहा त्यांनी बशीत ओतून प्यायला, आणि तसं ते आनंदातच करायचे.

मंगळवारी त्यांनी मोजायला घेतलं. चूक सापडायला अर्धा तास पुरेल असा त्यांचा हिशेब होता. दुपारपर्यंत एक नळी झाली. एकही ठिपका चुकलेला नव्हता. दुसरी घेतली. तिथेही तेच. मुलीनं प्रत्येक केंद्रकाचा माग असा ठेवला होता की काकांना मनातल्या मनात वाईट वाटायला लागलं, कारण इतकं नीट काम त्यांनी स्वतः तरुणपणी केलं होतं आणि आता डोळ्यांमुळे जमत नव्हतं.

बुधवारी तर त्यांना त्या केंद्रकांचा लळाच लागला. इतक्या वर्षांत त्यांनी सगळी एकदम दुभंगताना बघितली होती, त्यामुळे एकेकट्याकडे बघायची कधी गरजच पडली नव्हती. आता बघावं तर प्रत्येकाची वेगळी चाल. पाचव्या नळीत पुढच्या टोकाला एक होतं, ते दोन तासांत दोनदा दुभंगून मोकळं. त्याला खेटून एक होतं ते ढिम्म. काकांनी त्याचं नाव भावजी ठेवलं, कारण त्यांच्या बायकोचा धाकटा दीर, म्हणजे त्यांचाच भाऊ, असाच होता. एका केंद्रकाच्या दोन जुळ्या लेकी झाल्या. सख्ख्या जुळ्या, मिनिटाचाही फरक नाही. त्यातली एक पावणेदोन तासांनी दुभंगली, आणि दुसरी चार तास झाले तरी आरामात लोळत होती, मागून येणारे तिला ओलांडून पुढे निघून जात होते. एकच घर, एकच स्वयंपाक, आणि कुणाचा कुणाशी ताळमेळ नाही. काका पडद्यासमोर बसून मोठ्यानं म्हणाले, "अगं ऊठ ना आता!" चहावाला दारात उभा होता, तो दचकून कप ठेवून गेला.

साडेपाच झाले तेव्हा दोन नळ्या बाकी होत्या. काकांनी आयुष्यात फार थोड्या वेळा केलेली गोष्ट केली. घरी फोन लावला आणि सांगितलं, "मला उशीर होईल. नऊ वाजतील." तिकडून बायको "बरं" म्हणाली, आणि ते "बरं" जरा जास्तच चटकन आलं.

काम लवकर आटपलं. काका आठ वाजून दहा मिनिटांनी घरी पोचले. टेबलाशी कुणी नाही. टेबलावर नातीची रंगपेटी पसरलेली. बायको खिडकीशी बसून शब्दकोडं सोडवत होती. सून अंथरुणावर आडवी होऊन फोनवर बोलत होती. नात जमिनीवर पालथी पडून उकडलेलं अंडं खात होती आणि त्याच हातानं रंगवत होती. मुलगा आंघोळीला गेलेला.

"जेवायचं?" काकांनी विचारलं.

"अगंबाई, लवकर आलात!" बायको उठली. "वाढते हं. आमची जेवणं झाली."

"झाली? किती वाजता?"

"मी साडेसहाला. सूनबाई आल्या आल्या जेवते, सातला. मुलगा नऊच्या आधी जेवत नाही. आणि ही बया," तिनं नातीकडे बोट केलं, "दिवसभर चरतच असते."

"आज असं का?"

बायकोनं पेन्सिल कानाला लावली. "आज म्हणून नाही. तुम्ही नसलात की असंच."

"आणि मी असलो की?"

"तुम्ही टाळी वाजवता ना," ती म्हणाली, जणू काही हे सगळ्या जगाला माहीत होतं. "टाळी वाजली की येतो. आपण होऊन आठला भूक कुणालाच लागत नाही या घरात. तुम्हालाही लागते की नाही, देव जाणे."

"तुला साडेसहाला भूक लागते?"

"लग्नाच्या आधीपासून."

"मग रोज साडेसहा ते आठ काय करतेस तू?"

"पाणी पिते," ती हसून म्हणाली. "स्वयंपाकाची चव जास्त वेळा बघते. आता इतक्या वर्षांनी काय त्याचं! सगळे एकदम आले की तुमचा चेहरा बघण्यासारखा होतो. मी मुलांनाही सांगून ठेवलंय, बाबांना बरं वाटतं, यायचं."

काका हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. रोजचा दीड तास, आणि लग्नाला तेहेतीस वर्षं. हिशेबात ते पक्के होते, पण हा गुणाकार त्यांनी अर्ध्यावरच सोडून दिला. लाज वाटली म्हणून. जेवताना त्यांनी बायकोकडे तीन-चारदा बघितलं. ती शब्दकोड्यात गर्क होती.

गुरुवारी सकाळी नऊच्या ठोक्याला काकांनी फ्रीजच्या कुलपात किल्ली घातली, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

आता हा फ्रीज तिथे का होता, ते सांगायला हवं. बुरशीला रात्रभर उबेत मोकळं सोडलं तर ती बशी भरून झाकणाला टेकते. सकाळी येऊन तो पसारा निस्तरायचा काकांना कंटाळा. म्हणून बावीस वर्षांपूर्वी त्यांनीच बाईंना सुचवलं की, साडेपाचला बशा थंडीत ठेवून देऊ, थंडीत ती जागच्या जागी थांबते. सकाळी नऊला बाहेर काढू, उबेत आली की पुन्हा कामाला लागेल. बाई म्हणाल्या, उत्तम. छापलेल्या लेखात याबद्दल एक ओळही नव्हती. भांडी कुठे घासली ते कुणी लेखात लिहितं का?

नऊला बाहेर. उबेत. सगळी एकदम.

"टाळी," काका फ्रीजला म्हणाले.

रात्रभर गारठून थांबलेली केंद्रकं नऊला एकदम जागी व्हायची, एकदम कामाला लागायची आणि साडेअकराच्या सुमारास एकदम दुभंगायची. आणि एकला काका दिवा बंद करून डबा उघडायचे. एकनंतर केंद्रकं काय करतात, हे बावीस वर्षांत कुणीच बघितलेलं नव्हतं. एक वाजता जेवायचं असतं.

साडेदहाला मुलगी आली. तिचे डोळे सुजलेले होते. काका तिच्या टेबलाशी गेले, आणि पहिल्यांदाच त्यांनी तिला साडेदहा म्हटलं नाही.

"पोरी, तुझ्या नऊ नळ्या. त्यांच्या बशा रात्री कुठे होत्या?"

"उबेच्या पेटीत," ती म्हणाली. "मी बुरशीचं बी कमी पेरते, म्हणजे बशी भरत नाही."

"फ्रीजमध्ये का नाही ठेवल्यास?"

मुलीनं त्यांच्याकडे असं बघितलं की काका खाली बघायला लागले. "काका, पहिल्याच आठवड्यात मी तुमच्याकडे किल्ली मागितली होती. माझ्या बशा सातला तयार होतात. तुम्ही म्हणालात, साडेपाचनंतर फ्रीज उघडत नाही, आणि नियम माणसांसाठी असतात, माणसं नियमांसाठी उगवत नाहीत की काय, असलं काहीतरी. मला ते नीट कळलंच नाही, पण परत विचारायची हिंमत झाली नाही."

काकांनाही ते नीट कळलं नाही, पण आपण तसं बोललो असू यात त्यांना शंका नव्हती.

"पण थंडीनं काय फरक पडतो?" ती म्हणाली. "कुठेच तसं लिहिलेलं नाही."

"नाहीच लिहिलेलं," काका म्हणाले आणि निघून आले.

आता काकांना फार चांगले समजू नका. गुरुवारचा अख्खा दिवस त्यांनी गप्प राहण्यात घालवला. सहीचा कागद तयार होता, शुक्रवारी दुपारी पोरगी पिशवी उचलून जाणार, आणि फ्रीजचं गुपित त्यांच्याखेरीज जगात कुणालाही माहीत नाही. बाईंच्या खोलीत ते दोनदा गेले. चौकट जागेवर. बारीक अक्षरं जागेवर. बावीस वर्षं ज्या एका गोष्टीमुळे आपली मान ताठ होती, ती गोष्ट म्हणजे आपणच वाजवलेली टाळी, हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं म्हणजे काय गंमत आहे? पोरगी हुशार आहे, तिला दुसरीकडे कुठेही मिळेल, असं त्यांनी स्वतःला सात-आठ वेळा सांगितलं. एकदाही पटलं नाही. धांदरट म्हणून काढलेल्या मुलीला कुठे काय मिळतं, ते इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला माहीत असतं. आणि ती धांदरट नव्हती. तिनं ठिपका न् ठिपका बरोबर दिला होता.

शुक्रवारी नऊला त्यांनी फ्रीज उघडला, बशी काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बाई येऊन खुर्चीत बसल्या. मुलगी आज पावणेनऊलाच आली होती आणि भिंतीला टेकून उभी होती. टोस्ट नव्हता.

साडेअकराला चार मिनिटं कमी असताना पहिलं केंद्रक लांबट झालं. मग दुसरं. मग सगळं हिरवं एकदम ताणलं जाऊन पटापट तुटलं, अगदी चौकटीतल्यासारखं. बाईंनी मांडीवर थाप मारली.

"बघ! आता सांग!"

मुलगी पुढे येऊन पडद्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा पार उतरला. "मग माझंच चुकलं असेल, बाई," ती म्हणाली. आवाज जेमतेम निघाला. आपल्या डोळ्यांवरचा तिचा विश्वासच उडाला होता, आणि ते काकांना दिसलं.

बाईंनी पेन काढलं. नियम म्हणजे नियम, म्हणून एकपर्यंतची चित्रं काढून घेतली. घड्याळाचा काटा एकवर आला. बाई उठल्या. "चला. काका, दिवा बंद करा, जेवून घ्या. मग सही करते."

"नको," काका म्हणाले.

"काय नको?"

"दिवा नको बंद करायला. राहू दे, बाई."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग काकांकडे. "एक वाजलाय."

"वाजू दे."

असं काही काकांच्या तोंडून बाहेर पडेल हे बाईंच्या स्वप्नातही नव्हतं. त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. "तुम्हाला बरं नाहीये का?"

"सांगतो. आधी बघू या. पाच वाजेपर्यंत."

दीड वाजला. काकांच्या पोटात इतक्या जोरात गुरगुरलं की मुलीनं मागे वळून बघितलं. डबा कपाटात बंद होता. पावणेदोनला एक केंद्रक दुभंगलं. एकटंच. बाई पुढे वाकल्या. दोन वाजता आणखी तीन. सव्वादोनला बरीचशी, पण सगळी नव्हेत. मागच्या फाट्यातली सात-आठ ढिम्म. तीनला त्यातली दोन. साडेतीनला पुढच्या टोकाचं एक तिसऱ्यांदा दुभंगलं, तेव्हा त्याच्या शेजारच्यानं अजून दुसऱ्यांदाही मनावर घेतलं नव्हतं. "हा भावजी," काका पुटपुटले. साडेचारला पडद्यावर कुणाचा कुणाला पत्ता राहिला नव्हता. नऊ नळ्यांत जे होतं तेच.

बाई पडद्याला नाक लावून बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे काय आहे, काका?"

"हे त्यांचं त्यांचं आहे," काका म्हणाले. "सकाळचं जे होतं, ते माझं." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. फ्रीज, थंडी, नऊचं कुलूप, एकचा डबा. पोरीला किल्ली दिली नाही तेही सांगितलं. सांगताना ते ताठ उभे होते, पण हात मागे घट्ट धरलेले होते.

बाईंनी चष्मा काढून खुर्चीच्या हातावर ठेवला. "म्हणजे बावीस वर्षं मी केंद्रकं मोजत नव्हते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला मोजत होते."

"हो, बाई."

मग बाईंच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मुलगी घाबरून पुढे झाली, तर बाई रडत नव्हत्या, हसत होत्या, तोंडावर हात दाबून. "ती दोन पत्रं!" त्या म्हणाल्या. "काय काय लिहिलं होतं मी त्या बिचाऱ्यांना! शिस्तीचा माणूस असल्यास कळवावे!" मग हसता हसता त्यांचे डोळे खरोखरच भरून आले, आणि त्या उठून खिडकीशी गेल्या. बावीस वर्षं थोडी नसतात. काकांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी बाईंच्या खुर्चीवरचा चष्मा उचलून पुसून ठेवला.

बाई परत आल्या तेव्हा आवाज नेहमीचा होता. सहीच्या कागदाचे त्यांनी चार तुकडे केले. "मुली, आजची बशी आणि तुझ्या नऊ नळ्या, सगळं एकत्र लिहून काढ. पहिलं नाव तुझं. त्या दोन प्रयोगशाळांना माफीचं पत्र मी लिहीन. आणि थंडीबद्दल सविस्तर लिही, कुलपासकट."

"आणि चौकट काढू का?" काकांनी विचारलं.

"कशाला? फोटो खोटा कुठे आहे? खाली एक ओळ वाढवू, फ्रीजमधून नुकतीच काढलेली बुरशी." बाईंनी थोडा विचार केला. "नाव राहू दे तुमचं. आता तर ते जास्तच खरं आहे."

मुलगी काकांच्या मागोमाग कपाटापर्यंत आली. तिला बरंच काही बोलायचं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "काका, तुमचा डबा राहिला."

"तू खा," काका म्हणाले. "सकाळी टोस्ट नव्हता तुझा." आणि खिशातून फ्रीजची किल्ली काढून त्यांनी तिच्या टेबलावर ठेवली. वही मात्र दिली नाही. ती त्यांनी जाता जाता कचऱ्याच्या टोपलीत टाकली, आणि जिन्यावरून परत येऊन नीट तळाशी दाबून ठेवली.

ते घरी पोचले तेव्हा साडेसहाला पाच मिनिटं कमी होती. स्वयंपाकघरात बायको ओट्याशी उभी राहून पाणी पीत होती. मोठा पेला, अर्ध्यावर आलेला. काका दारात थांबले. हे तेहेतीस वर्षं रोज याच वेळी इथे चालत आलं होतं, आणि त्यांनी ते आज पहिल्यांदा बघितलं.

"अहो? काय झालं?" बायको म्हणाली. "चेहरा असा का तुमचा?"

"दुपारचं जेवलो नाही. भूक लागलीय."

तिनं सवयीनं घड्याळाकडे बघितलं. "आठ वाजायला वेळ आहे अजून."

काकांनी तिच्या हातातून पेला घेतला आणि ओट्यावर ठेवला. मग फळीवरून दोन ताटं काढली, दोनच, आणि टेबलावर मांडली. टाळी वाजवली नाही.

"बस," ते म्हणाले. "आठला ज्याला भूक लागेल तो येईल."